रुमाल जपा, बाकी सारे क्षम्य आहे

व्हेनिसच्या सिनेटरच्या पोटी जन्म घेऊन सेनापतीशी विवाह करण्याचा आणि सायप्रसला नांदायला जाण्याचा योग आपल्या पत्रिकेत असेल, तर शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ आधीच नीट वाचून ठेवावे.

वर स्वतः निवडू नये. नाटकाची नायिका डेस्डेमोना हिने सेनापती ऑथेल्लोला निवडले आणि भर सभेत तसे निर्भीडपणे सांगितलेही; तेव्हा तिच्या तीर्थरूपांनी जावयाला एकच आहेर केला : हिने बापाला फसवले, तुलाही फसवेल. जावयाने पुढे मुलीपेक्षा हा आहेरच अधिक जिवापाड जपला.

रुमालाचे प्रकरण मात्र बारकाईने अभ्यासावे. स्ट्रॉबेरीची नक्षी भरलेला हा रुमाल पतीने दिलेली पहिली भेट होती. त्याचे कपाळ दुखते म्हणून ती तो बांधू लागली. ‘फार लहान आहे’ म्हणून त्यानेच झिडकारला, तो खाली पडला, आणि ‘राहू दे’ म्हणत तोच तिला आत घेऊन गेला. पुढे तो परपुरुषाकडे असल्याचे ऐकून ‘रुमाल कुठे आहे’ हे विचारणाराही तोच! पतीची आज्ञा मोडावी तर उद्धटपणा, पाळावी तर व्यभिचार, एवढा साधा नियम ध्यानात ठेवला की संसारात गोंधळ होत नाही.

साक्षीदार निवडतानाही काळजी घ्यावी. सर्वगुणसंपन्न स्त्रीसुद्धा अखेर मूर्खांना पाजण्याच्या आणि घरखर्च टिपण्याच्याच लायकीची, असे ऑथेल्लोचे कान भरणारा त्याच्या हाताखालचा इयागो बंदरावर चारचौघांत सांगतो, तरी नाटकभर त्याला ‘प्रामाणिक’ हेच विशेषण लागते. त्याची पत्नी एमिलिया हिने पतीसाठी रुमाल उचलला तोवर ती सुरक्षित होती. सत्य बोलू लागताच त्याने तिला घरी जायला सांगितले आणि ती ऐकेना, तेव्हा भोसकले. (1604 साली राजदरबारात प्रयोग झाला तेव्हा स्त्रियांची कामे मुलगेच करीत, त्यामुळे खऱ्या बाईचे बोलणे ऐकून घेण्याची गैरसोय कोणालाही झाली नाही.)

ऑथेल्लोबद्दल मनात किल्मिष ठेवू नये. ही जगली तर आणखी पुरुषांना फसवेल, या व्यापक समाजहिताच्या जाणिवेने त्याने तिचा श्वास कोंडला, आणि आपण जे केले ते द्वेषाने नव्हे, अब्रूसाठी, असे नंतर स्पष्टही केले.

आपली पाळी येईल तेव्हा, हे कोणी केले असे विचारले असता ‘कोणी नाही, मी स्वतःच’ असे उत्तर द्यावे आणि पतीला नमस्कार सांगावा. हे वाक्य आजच पाठ करून ठेवा; ऐन वेळी श्वास पुरत नाही.