पंप भंगारातला, सल्लाही भंगारातला

जुन्या व्हॅक्यूम पंपाबद्दलचा, म्हणजे भांड्यातली हवा ओढून पोकळी करणाऱ्या पंपाबद्दलचा, एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातोय. त्याचं सार असं: भंगारातून रोटरी पंप उचला, न उघडता पेट्रोलने धुवा, गाडीचं इंजिन ऑइल भरा, ‘गॅस बॅलास्ट’ची चावी कायमची आवळून टाका, गळत असेल तर प्लेटांच्या फटीत सिलिकॉन भरा. मीटरचा काटा उणे ७६ ला (सेंटिमीटर पारा) टेकला की पंप नवा झाला, लोणच्याच्या बरणीला जोडा आणि प्रयोग सुरू.

मूळ कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगतो. गोव्यातल्या वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींतून आणि एसी दुरुस्तीवाल्यांच्या अडगळीतून असे पंप निघतात, आणि त्यातले बरेचसे नुसतं तेल बदललं तरी ठणठणीत चालतात. बिघडलंय ते पुढचं सगळं, कारण लिहिणाऱ्याने पंपाला इंजिन समजलंय. इंजिनात तेलाची थोडी वाफ झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे सगळी लढाई वाफेशीच आहे.

पेट्रोलचं बघा. आतलं पेट्रोल वाफ होऊन एक्झॉस्टमधून त्याच खोलीत येणार, आणि सिंगल-फेज मोटरच्या आतला स्टार्टिंग स्विच उघडताना ठिणगी पाडणार. एवढं पुरे. त्यातून वाचलात, तरी सुटलेला गाळ तेलाच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. योग्य रीत कंटाळवाणी आहे: पंप गरम होईपर्यंत चालवायचा, तेल गरम असतानाच सोडायचं, थोडं व्हॅक्यूम पंपाचंच तेल घालून काही मिनिटं फिरवायचं, पुन्हा सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत. पंप औषध कारखान्यातून आलेला असेल तर त्याने पूर्वी काय ओढलंय याचा नेम नाही. जुनं तेल हातमोजे घालून काढा, आणि ते नाल्यात ओतू नका.

इंजिन ऑइल ‘चालतं’ हे अर्धसत्य. फुगा बरणीत फुगवून दाखवायचा असेल तर चालतं. पण त्यातले हलके अंश पोकळीत वाफ होत राहतात, आणि त्यातली डिटर्जंट पाणी-काजळी तेलात तरंगत ठेवतात. इंजिनात तो गुण, इथे अवगुण. एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॅक्यूम पंपाचं तेल मिळतं. दुकानदार कॉम्प्रेसरचं तेल पुढे करील, ते मात्र नको. नव्या गॅसवरच्या कॉम्प्रेसरची तेलं हवेतला दमट ओलावा शोषून घेतात, आणि आषाढ-श्रावणात गोव्यात ओलाव्याला काय तोटा!

आता चावी. सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच आहे.

घरगुती प्रयोगांतला सगळ्यांचा आवडता प्रयोग म्हणजे साधं पाणी न तापवता उकळवणं. ३० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब साधारण ४२ मिलिबार असतो. बरणीतला दाब तिथवर उतरला की पाणी खदखदायला लागतं. पण ती वाफ जाते कुठे? पंपात. पंपाच्या पात्या तिला दाबत दाबत एक्झॉस्टच्या झडपेकडे नेतात, आणि झडप उघडायला बाहेरच्या हवेपेक्षा जास्त, म्हणजे १०१३ मिलिबारच्या वर दाब लागतो. पंप आतून ७० अंशांवर असला तरी त्या तापमानाला पाण्याची वाफ साधारण ३१२ मिलिबारच्या पुढे वाफ म्हणून टिकतच नाही. झडप उघडण्याआधीच तिचं पाणी होतं आणि तेलात मिसळतं. पुढच्या फेरीत ते पाणी पोकळीच्या बाजूला पुन्हा वाफ होतं. पंप स्वतःचीच वाफ ओढत बसतो, आणि काचेतून तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं.

यावर वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये तोड काढली. दाबण्याच्या टप्प्यात बाहेरची थोडी हवा मुद्दाम आत सोडायची. तिच्यामुळे झडप लवकर उघडते आणि वाफ पाणी व्हायच्या आत बाहेर पडते. ती चावी म्हणजे हेच. उघडी असताना पोकळी थोडी कमी मिळते, तेवढ्यावरून मजकूरकाराने तिला ‘गळती’ ठरवलं. तेल पांढुरकं झालं असेल तर पंपाचं तोंड बंद करून, चावी उघडी ठेवून अर्धा तास चालवा. पुष्कळदा तेल निवळतं. नाही निवळलं तर बदला. काम झालं की चावी बंद.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. बऱ्याच पंपांत रोटर आणि बाजूची प्लेट यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते, आणि ती तेल बुजवतं. तिथे सिलिकॉनचा किंवा कागदी गॅस्केटचा थर घातला की प्लेट तेवढी बाहेर सरकते, फट वाढते आणि पंप कायमचा अधू होतो. मूळ पंपात गॅस्केट नसेल तर तुम्हीही घालू नका. उघडताना प्रत्येक पातीची जागा आणि दिशा खुणेने टिपून ठेवा, स्प्रिंगा उडतात त्या सांभाळा, पॉलिश पेपर लांब ठेवा. तेल शाफ्टपाशी गळत असेल तर तिथला ऑइल सील गेलाय. त्यावर माप छापलेलं असतं, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा.

उणे ७६ चा काटा तर निव्वळ समाधान आहे. त्या डायलवर १ टॉर म्हणजे एक मिलिमीटर पारा, काट्याच्या जाडीत हरवणारा. १ टॉर आणि ०.०५ टॉर यांत वीसपट फरक आहे. हवा काढलेल्या काचेच्या नळीत वीज सोडल्यावरची जांभळट चमक कशी दिसेल हे त्यावर ठरतं, पण काटा ढिम्म हलत नाही. शिवाय पावसाळ्यात बाहेरचा दाबच काही मिलिबारने उतरतो, म्हणजे चांगला पंपही तिथवर पोचलेला दिसणार नाही. इतका कमी दाब मोजणारा पिरानी गेज किंवा एसीवाले वापरतात तो मायक्रॉन गेज उसना मिळाला तरी बघा.

राहिली लोणच्याची बरणी. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार ३०० किलोंच्या वर जातो. ‘आपला पंप जुना, तो कसला एवढा ओढतोय’ हा हिशेब इथे लागू नाही: ३० टॉरवर अडकलेला खराब पंपही त्यातला ९६ टक्के भार काचेवर आणतोच. जाड पॉलिकार्बोनेटचं आवरण, डोळ्यांना चष्मा, आणि पंप थांबवण्याआधी बरणीत हवा सोडणं. नाहीतर पंपातलं तेल उलटं वर चढून बरणीत येतं.