कम्युनिटी कॉलेजातलं मानसशास्त्र ‘सोपं’ नसतं

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर उन्हाळा आला की एक मजकूर फिरू लागतो. हायस्कूलमधल्या मुलांना कॉलेजचे क्रेडिट आधीच मिळवून ठेवायचे असतील तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, जिथून पुढे विद्यापीठात जाता येतं) ‘इंट्रो सायकॉलॉजी’ म्हणजे मानसशास्त्राची तोंडओळख घ्या, ए ग्रेड ठेवलेलीच आहे, असा त्यात सल्ला असतो. कारणं चार. विषय म्हणजे निव्वळ कॉमन सेन्स. वर्गात सगळ्या थरांतली माणसं, म्हणून पातळी खाली ठेवावीच लागते. शिकवायला पार्टटाइमवाले, म्हणजे ज्यांना दुसरीकडे कुणी घेतलं नाही असे. आणि तिथली बाकीची मुलं पुढे कुठे पोचतच नाहीत, त्यामुळे स्पर्धा नाही.

मी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या अशाच एका कॉलेजात हा विषय पार्टटाइम शिकवते. मुलांनी जरूर यावं. पण ही चार कारणं डोक्यात घेऊन आलेलं मूल पहिल्या परीक्षेत गडबडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारी बसलेल्याला कमी लेखतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कॉमन सेन्सचा मुद्दा लवकर निकाली निघतो. ‘माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो’ आणि ‘कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, तर ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावं’ ही दोन्ही वाक्यं पहिल्या दिवशी वर्गातल्या बहुतेकांना खरी वाटतात. पहिलं साफ खोटं आहे. दुसऱ्याची तपासणी पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केली, तेव्हा त्याला आधार देणारा भक्कम पुरावा जवळजवळ सापडलाच नाही. अभ्यासाच्या सवयींचंही तसंच. धडा पुन्हा पुन्हा वाचला की आता येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले. आपल्याला जे सहज पटतं ते तपासायचं कसं, हे शिकायला हा विषय आहे. पाठांतरावर भिस्त ठेवणारी हुशार मुलं नेमकी इथेच अडकतात.

पातळीबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. माझ्या संध्याकाळच्या वर्गात रुग्णालयातली पाळी संपवून थेट आलेली फिलिपिनो नर्सिंग असिस्टंट असते, लष्करातून परतलेला पस्तिशीतला गडी असतो, अफगाण कुटुंबातली भावंडं, मेक्सिकन घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी, एच-फोर व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) इथे येऊन पुन्हा शिकायला लागलेली नाशिकची बाई आणि हायस्कूलमधली आपली मुलं. अभ्यासक्रम या सगळ्यांना एकच. त्याची रूपरेषा कॉलेजने मंजूर केलेली असते आणि ती मान्य झाली म्हणूनच युसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅलस्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ही राज्याची सरकारी विद्यापीठं हे क्रेडिट घेतात. शिकवणारी व्यक्ती स्वतःच्या मर्जीने त्यातलं काही गाळू शकत नाही.

आता मार्शमॅलोचा प्रयोग घ्या. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर मार्शमॅलोसारखा एक गोड पदार्थ ठेवला आणि सांगितलं, थांबलास तर दोन मिळतील. जे थांबले ते पुढे आयुष्यात सरस ठरले, हा निष्कर्ष जगभर गाजला. मी हा प्रयोग सांगितल्यावर एका सत्रात मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “आमच्याकडे महिनाअखेरीला ‘उद्या आणतो’ म्हणून सांगितलेली वस्तू यायचीच नाही. हातात आहे ते खाणं हेच शहाणपण होतं.” मी पुढची स्लाइड दाखवायच्या आत त्याने ती मांडून टाकली होती. २०१३ मध्ये किड, पाल्मेरी आणि आस्लिन यांनी मुलांना आधी चांगले रंग आणि स्टिकर आणून देण्याचं कबूल केलं. काहींच्या बाबतीत ते पाळलं, काहींच्या बाबतीत मोडलं. मग मार्शमॅलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला होता ती तीनच. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी मोठ्या नमुन्यावर मूळ निष्कर्ष तपासला, तर कुटुंबाची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्याचा बराचसा जोर ओसरला.

एकाच आर्थिक थरातल्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न इतक्या सहज उठला नसता. आणि मानसशास्त्राचं हे जुनंच दुखणं आहे. हेन्रिक, हाइन आणि नॉरेन्झायान यांनी २०१० साली दाखवून दिलं की या शास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजांतल्या, त्यातही कॉलेजातल्या मुलांवरून काढलेले आहेत आणि ते सरसकट सगळ्या माणसांना लावले जातात. ‘लॅरी पी.’ खटलाही मी याच वर्गात पूर्ण तास घेऊन शिकवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यांक चाचण्यांच्या आधारे मोठ्या प्रमाणात ‘मंदबुद्धी’ वर्गात टाकलं जात होतं. १९७९ मध्ये न्यायालयाने त्या कामासाठी या चाचण्या वापरायला मनाई केली. पुस्तकात हे वाचून सोडून देता येतं. ज्यांच्या घरात अशा चाचण्यांनी कुणाचं तरी भवितव्य ठरलं आहे ते समोर बसलेले असताना नाही सोडता येत, आणि सोडूही नये.

पार्टटाइमवाल्यांबद्दल. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची किमान पात्रता पूर्णवेळ आणि अर्धवेळ शिक्षकांना एकच आहे, ती म्हणजे पदव्युत्तर पदवी. आम्ही इतके असण्याचं कारण पैशाचं आहे. कायद्याने एका कॉलेज-जिल्ह्यात (एकाच व्यवस्थापनाखालची कॉलेजं) आम्हाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच तास देता येतात, म्हणून अनेक जण दोन-तीन कॉलेजांत धावतात. त्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायची गरज नाही. यात विद्यार्थ्यांचं नुकसान होतं, हे मी ठामपणे म्हणते. पण ते शिकवण्यात होत नाही, तास संपल्यावर होतं. बसायला खोली नाही, म्हणून शिफारसपत्रासाठी मुलगी पार्किंगमध्ये गाडीशी उभी राहून बोलते. पुढच्या सत्रात मी तिथे असेन की नाही हे तिलाही ठाऊक नसतं आणि मलाही. पालकांना या कॉलेजांची खरोखर काळजी असेल तर प्रश्न इथे विचारावा.

‘कुठे पोचत नाहीत’ यात थोडं तथ्य आहे. राज्याच्या लेखापरीक्षकांच्या २०२४ च्या अहवालानुसार, विद्यापीठात जायच्या इराद्याने आलेल्यांपैकी जेमतेम पाचातला एक चार वर्षांत तिथे पोचतो. आठवड्याला तीस-चाळीस तास नोकरी करून, घर सांभाळून शिकणाऱ्याची वाट लांब असतेच. तरीही कॅलस्टेटच्या पदवीधरांपैकी सुमारे निम्मे कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात, आणि युसीत पोचलेले तिथल्या मूळच्या विद्यार्थ्यांच्या जवळपास बरोबरीने पदवी पूर्ण करतात. अट पूर्ण करणाऱ्याला डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा यांसह युसीच्या सहा विद्यापीठांत प्रवेशाची हमी मिळू शकते.

तेव्हा मुलाचं नाव घालण्याआधी त्याला हव्या असलेल्या युसी किंवा कॅलस्टेट विद्यापीठात हे क्रेडिट कसं धरलं जातं ते ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर बघा. आणि ‘सोपा ए’ म्हणून पाठवणार असाल तर एवढं लक्षात घ्या, की इथे मिळालेली ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जाते. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत सोळा प्रकरणं रेटताना मिळालेला सी पुढे प्रत्येक अर्जात दाखवावा लागतो.