‘पेशन्स ठेव’ म्हणू नका, ती रेघ कशी घालवायची ते सांगा

किटमधून जोडलेलं प्लास्टिकचं मॉडेल बिघडलं म्हणून रडकुंडीला आलेल्या नवीन माणसाला यापुढे माझ्यासमोर कुणी ‘पेशन्स ठेव’ म्हणालं तर मी तिथेच अडवणार आहे. वाईट दिसलं तरी चालेल, वयाने मोठं असलं तरी चालेल.

आज भाचीला घेऊन मॉडेलर मंडळींच्या भेटीला गेले होते. तिने तिचं १/४८ चं (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) स्पिटफायर विमान नेलं होतं, खूप हौसेने, डब्यात फोम कापून वगैरे. एका ज्येष्ठ काकांनी ते उचललं आणि वरचा कॅमोफ्लाज न बघताच उलटं केलं. पोटाशी विंग आणि फ्युजलाज (विमानाचं धड) जुळतात तिथली सांध्याची रेघ बोटाने दाखवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बाळ, हा पेशन्सचा छंद आहे, तुम्हा मुलांना घाई फार.” आणि गेले पुढच्या टेबलाकडे. तिने विमान डब्यात ठेवून झाकण लावलं ते निघेपर्यंत उघडलं नाही.

घाई?? अहो, येताना गाडीत ती सगळं बोलली तेव्हा मला कळलं की त्या एका रेघेसाठी पोरीने काय काय केलंय. पुट्टी भरली, रात्रभर वाळू दिली, घासली, बोट फिरवलं तर एकदम गुळगुळीत, म्हणून रंग मारला आणि नंतर बघते तर रेघ परत वर. मग रंग काढला, परत पुट्टी, परत घासणं, परत रंग, परत रेघ. आणि यातलं एक अक्षर तिने मला आधी सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटत होतं की दोष आपल्या हातात आहे, आपल्यालाच नीट जमत नाहीये. म्हणजे जिच्यात पेशन्स नाही म्हणून सांगितलं गेलं तिने आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त पेशन्स दाखवलाय. नव्हती ती फक्त माहिती. दोन मिनिटांची माहिती!

ट्यूबमधली पुट्टी सॉल्व्हंटवाली असते. सॉल्व्हंट उडत जातं तशी ती आकसते. जाड थर एकदम भरला तर वरून कडक लागते आणि आत ओलीच असते, त्यामुळे आज सपाट घासलेली जागा नंतर खाली बसते आणि रंगाखालून रेघ दिसायला लागते. फट मोठी असेल तर आधी प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवून ती भरायची आणि मग पुट्टीचे पातळ पातळ थर द्यायचे. नाहीतर सरळ सुपरग्लू भरायचा, तो असा बसत नाही, फक्त कडक झाल्यावर लवकर घासायचा, कारण जास्त वेळ गेला की तो आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि मग सँडपेपर गोंद सोडून प्लास्टिकच खातो. आणि रंगाच्या आधी ग्रे प्रायमरचा एक हात मारून बघायचं, कारण बोटाला जे कळत नाही ते प्रायमर दाखवतो. एवढंच. काकांना हे सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग उलटं केलेलं विमान हातात असताना हे का नाही सांगितलं?

बरं, काकांचं स्वतःचं काम फार सुंदर असतं, ते मान्य. ओल्या इनॅमल रंगाला हात लावला तर बोटाचा ठसा उमटणारच, तिथे थांबावंच लागतं, तेही मान्य.

पण वैताग येतो तो थांबायला लागतं म्हणून येत नाही हो. सगळं सांगितल्यासारखं केलं तरी बिघडलं, का बिघडलं ते कळत नाही आणि आता सगळं वाया गेलं असं वाटतं, म्हणून येतो. यातलं तिसरं तर बहुतेक वेळा खोटंच असतं, पण नवीन माणसाला ते कुणी सांगतच नाही. आपण किट हातात देतो, निपर कसा धरायचा, मास्किंग टेप कशी लावायची ते शिकवतो, पण बिघडलेलं परत कसं आणायचं ते शिकवत नाही. माझं तर म्हणणं आहे की तेच पहिल्यांदा शिकवा.

सुपरग्लूने कॅनपी (वैमानिकाच्या जागेवरची पारदर्शक काच) चिकटवली आणि सकाळी काचेवर पांढरं धुकं आलं की लोक किट फेकून देतात. ती त्या गोंदाची वाफ असते, काचेवर बसलेली. बारीक पॉलिशने घासली किंवा चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवली तर बऱ्याचदा साफ होते, आणि पुढच्या वेळी कॅनपीला पांढरा गोंद वापरायचा. डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) चंदेरी चमक दिसते ती अडकलेली हवा असते, कारण मॅट रंग खडबडीत असतो. म्हणून तर आधी ग्लॉस कोट, मग डिकल, मग शेवटी मॅट. आणि आधीच लावून झालं असेल तर सुईने बारीक टोचायचं आणि डिकल मऊ करणारं सॉफ्टनर सोडायचं. सुपरग्लूचा सांधा चुकला तर भाग फ्रीझरमध्ये ठेवा, तो गोंद थंडीत ठिसूळ होतो, बऱ्याचदा अलगद तुटतो. प्लास्टिक सिमेंटचं मात्र तसं नाही, ते प्लास्टिकच विरघळवून जोडतं, एकदा पक्कं बसलं की बारीक करवतच लागते. चिमट्यातून उडालेली अँटेना सापडली नाही तर स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर जरा वर धरून मऊ करा आणि ओढा, केसाएवढी तार होते.

हे सगळं माहीत असलेला माणूसही वैतागतो, पण रात्री झोपू शकतो.

‘शेल्फवर ठेव आणि चार दिवसांनी बघ’ हा सल्ला मला त्या पेशन्सपेक्षा बरा वाटतो. हात थरथरत असताना हातात ब्लेड असेल तर ते खाली ठेवलंच पाहिजे, तिथे वाद नाही. पण कारण न कळता शेल्फवर ठेवलं तर चार दिवसांनी ती परत तीच पुट्टी तेवढीच जाड भरणार ना? तेच झालंय तिचं. मग ते शेल्फवरून खाली येतच नाही, आणि शेजारी दुसरं ठेवलं जातं, तिसरं ठेवलं जातं आणि मग एक दिवस सगळे डबे कुणाला तरी देऊन टाकले जातात. असे किती जण गेले आपल्यातून, तुम्हीच आठवा.

एकाने आज तिला चांगल्या मनाने सुचवलं की त्यावर वेदरिंग कर, मळवून टाक, दिसणार नाही. त्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण गडद वॉश (मळ दाखवायला लावतात तो पातळ रंग) सांध्यात जाऊनच बसतो, रेघ उलट ठळक होईल. आणि मुळात तिला ती झाकायची नाहीये, घालवायची आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हे वाटतं याचं मला खरंच फार कौतुक वाटतं. एवढी जीव लावणारी मुलगी आपल्याला मिळाली आणि पहिल्याच भेटीत आपण तिला काय दिलं तर स्वभावाचं सर्टिफिकेट.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काकांशी मी बोलणार आहे, भांडायला नाही, विनंती करायला, की पुढच्या वेळी रेघ दाखवलीत तर शेजारी बसून पाच मिनिटं द्या. तुमच्यासारखं सांगणारं दुसरं कुणी नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांची किट्स अर्धवट पडलीयेत त्यांनी खाली लिहा काय अडलंय ते. फोटो टाका, खालच्या बाजूचाही टाका, रंग कुठला, गोंद कुठला ते लिहा. मला येतं ते मी सांगेन, नाहीतर इथे कुणाला तरी नक्की येत असेल. फक्त तोवर गोंद किंवा रंग काढायला घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यात अ‍ॅसिटोन असेल तर विंगच विरघळेल, आणि ते मात्र परत आणता येत नाही.