मिहानात वेगास कशाला?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, कॅसिनो उघडतंच. या वेळी निमित्त एका मित्राच्या गोव्यातल्या फोटोंचं. मांडवीतल्या जहाजावर पैसे उडवून आला आणि घरी पोचताच मुद्दा विकासाचा: हा पैसा विदर्भातच का राहू नये? मोठं कॅसिनो हॉटेल आलं तर पोरांना नोकऱ्या मिळतील, नागपूर मध्य भारताचं लास वेगास, म्हणजे अमेरिकेतल्यासारखं कॅसिनोंचं शहर होईल. त्यावर संस्कृतीवाले धावून आले, ‘जुगार आपल्यात बसत नाही.’ बसत नाही? राज्य सरकार १९६९ पासून लॉटरी चालवतंय. आयपीएल सुरू झाली की आपल्या शहरातले किती बुकी पकडले गेले, हे सकाळच्या पेपरात चहासोबत वाचतोच की आपण. आणि कॅसिनोचा कायदा तर राज्याने १९७६ मध्येच केला होता. तो कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. लग्न न लावताच घटस्फोट!

पण मला राग संस्कृतीवाल्यांपेक्षा विकासवाल्यांचा जास्त येतो. मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला राहते, वेगास गाडीने पाच तासांवर. आमच्या धंद्यातल्या कॉन्फरन्स तिकडेच होतात, त्यामुळे या हॉटेलांत राहणं मला नवीन नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोली इतकी स्वस्त दिसते की हॉटेलवाल्याची दया यावी. मग वर रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्याशिवाय हॉटेलने लावलेला सक्तीचा आकार. मे २०२५ पासून पूर्ण आकडा आधीच दाखवावा लागतो, फी मात्र आहे तिथेच आहे. खोलीत साधी चहाची किटली नसते. फ्रिजमधली बाटली नुसती सरकवली तरी बिलात येते. का, तर तुम्ही खोलीत बसायचंच नाही. चेक-इनपासून लिफ्टपर्यंत जायचं तर मशिनच्या रांगांमधून, सिगारेटच्या धुरातून बॅग ओढत जायचं. रस्ता सरळ नसतोच. घड्याळ नाही, खिडकी नाही. सकाळी सहाला चहा शोधत खाली उतरावं, तर ऑक्सिजनचं नळकांडं बाजूला ठेवून आजीबाई बटण दाबत बसलेल्या.

रूलेटचं, म्हणजे फिरत्या चाकावर आकडा लावण्याच्या खेळाचं गणित तर शाळेतल्या पोरालाही कळेल. चाकावर घरं ३८, त्यांत दोन शून्याची; जिंकलात तर लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट. म्हणजे शंभर डॉलर लावले की सरासरी सव्वापाच हॉटेलचे. आता काही टेबलांवर तिसरं शून्य आलंय, तिथे पावणेआठाच्या आसपास. यात चोरी नाही, फसवणूक नाही. सगळं कायदेशीर आणि नम्रपणे.

आणि नोकऱ्या? तिथे खोली आवरणाऱ्या बाईला विमा आहे, पेन्शन आहे, हे खरं. पण ते कॅसिनोने प्रेमाने दिलेलं नाही. कलिनरी युनियन या तिथल्या हॉटेल कामगारांच्या संघटनेचे साठ हजारांच्या घरात सभासद आहेत, त्यांनी संप करून, संपाच्या नोटिसा देऊन भांडून घेतलंय. मिहानात आधी युनियन आणा, मग कॅसिनोचं बोलू. (युनियन म्हटलं की ग्रुपवर शुकशुकाट. एरवी ‘गुड मॉर्निंग’लाही चाळीस उत्तरं येतात.)

मी हे लिहिलं, तर एकाने सुनावलं, ‘तू तिकडं मजा करतं, अन् आमाले अक्कल शिकवतं!’

लागलं. कारण मजा मी करतेच. जुगाराची नाही, वीस डॉलरच्या वर माझा हात जात नाही. मजा वाटते ती तिथे सगळेच उपरे असल्याची. चँडलरला शेजारीण अजून विचारते, मूळची कुठली. धरमपेठेत वाणी विचारतो, ‘किती दिवस आहात?’ वेगासच्या लिफ्टमध्ये कोणी काही विचारत नाही. सगळ्यांकडे तीन रात्रींची किल्ली.

नागपूरलाही आता मी हॉटेलातच उतरते. बाबांचं लक्ष्मीनगरचं घर विकलं, तिथे सात मजले उभे राहिले. रिसेप्शनवरचा मुलगा अमेरिकेचा पासपोर्ट पाहून हिंदीत बोलू लागतो, मी मराठीत उत्तर दिलं तरी हिंदीतच. मग परदेशी पाहुण्यांचा फॉर्म. येण्याचं कारण काय? दरवेळी ‘पर्यटन’ लिहिते. दुसरं काय लिहिणार? परदेशी नागरिक झालेल्या आमच्यासारख्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. मिहानात काय बांधावं, हे ठरवण्याचा मला हक्क नाही हे मला कळतं. तरी तिथे वेगास नको वाटतं. युनियन, गणित, सगळं खरं आहे. पण दाबून विचारलं तर सांगेन, उपरं असण्यासाठी एक शहर आहे माझ्याकडे, दुसरं नको.

हे अर्थातच ग्रुपवर टाकलं नाही. तिथे युनियनचाच मुद्दा पुन्हा रेटला. त्यावर कोणीतरी ताडोबातल्या वाघाचा व्हिडिओ टाकला, आणि सगळे वाघाकडे वळले.