सोलापूर स्वतःचं खाऊ शकत नाही, हे खरं नाही

गेले पंधरा-वीस दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर आला, काल आमच्या मावशीनं पण पाठवला. त्यात थोडक्यात असं आहे की सोलापूर दुष्काळी जिल्हा, इथं पाणीच नाही त्यामुळं 'आपलं अन्न आपल्या जवळचं' ही पोट भरलेल्यांची हौस आहे, ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आणि गरिबाला रेशन फुकट मिळतंय मग कशाला हे, ज्वारीला मजूर लई लागतो, शेतकऱ्याला ऊसच परवडतो, लोकं एकत्र येऊन काही करायला गेली की सहा महिन्यात भांडतात, आणि शेवटी लांबून ट्रकनं येतं तेच स्वस्त पडतं. खाली 'पटलं तर पुढे पाठवा'.

बऱ्याच जणांना पटतंय म्हणून लिहायला बसलो. आम्ही सोलापूर शहराच्या 'जुळे सोलापूर' भागातली ३८ घरं २०२० च्या लॉकडाऊनपासून मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूरच्या सहा शेतकऱ्यांकडून थेट ज्वारी, तूर, शेंगदाणे आणि थोडी भाजी घेतो. पोती उचललीत, हिशोब चुकलेत, माणसं दुखावलीत, परत जोडलीत. त्यामुळं एकेक मुद्दा घेतो.

पहिलं पाण्याचं. पाऊस कमी आहे, वर्षाला ५००-५५० मिलिमीटर, आणि तो पण एक वर्ष पडतो, एक वर्ष दडी मारतो. पण पाऊस कमी म्हणजे अन्न पिकत नाही हे कुणी सांगितलं? आपली रब्बीची मालदांडी ज्वारी कशावर येते मग? पावसाळाभर काळी जमीन पाणी पिऊन घेते, सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरणी होते, त्यानंतर वरून थेंब नाही पडला तरी जमिनीतल्या ओलीवर पीक उभं राहतं, डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला येतं, जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा होऊन महिना-दीड महिना झाला की काढणी. हे पीक आपल्या पाण्याच्या हिशोबातच बसवलेलं आहे. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर गावरान ज्वारीतून निवडलं, १९३० च्या दशकात, आणि अजून रब्बीला लोकं तेच मागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाचं खास पीक अशी सरकारी नोंद मिळाली. ज्या तालुक्याला सगळा महाराष्ट्र ज्वारीचं कोठार म्हणतो त्याच्याच जिल्ह्यात बसून आपण 'इथं काय पिकत नाही' असं पुढं पाठवतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं. मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय, दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली. कोठारं भरलेली होती म्हणून उघडता आली ना. गावोगाव पेवं होती, चांगल्या साली जमिनीखाली धान्य भरून ठेवायचं आणि वाईट साली काढायचं. दुष्काळ आपल्याकडं कायमच होता आणि त्यावरची व्यवस्था पण होती. व्यवस्था गेली, दुष्काळ राहिला.

आता ऊस. हा मुद्दा पाण्याला जोडूनच आहे. उजनी ११७ टीएमसीचं धरण, आणि तरी २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाच्या मृतसाठ्यातलं पाणी उपसलं, शहरात तर चार-पाच दिवसाआड पाणी ही वर्षानुवर्षाची गोष्ट. जिल्ह्यात कारखाने तीसच्या वर. मी ऊसवाल्या शेतकऱ्याला अजिबात दोष देत नाही, त्याला निदान माहिती असतं की कारखाना ऊस नेणार, बाकीच्या मालाला तेवढी पण खात्री नाही. पण 'ऊसच परवडतो' म्हणणाऱ्यांनी पूर्ण हिशोब मांडावा. ऊस बारा ते अठरा महिने रान अडवतो. तोडणीनंतर १४ दिवसात पैसे द्यायचे असा नियम आहे, आणि दर सीझनला थकलेल्या एफआरपीसाठी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान भावासाठी, शेतकरी रस्त्यावर बसलेले आपण बघतो. ज्वारीचा हिशोब करताना मात्र लोकं फक्त दाण्याचा भाव धरतात आणि कडबा विसरतात. सांगोला-मंगळवेढ्याकडं ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला विचारा कडब्याची पेंढी उन्हाळ्यात काय भावानं मिळते ते. २०१२-१३ ला चारा छावण्या लागल्या होत्या, माणसं जनावरांसोबत छावणीत राहिली होती. ज्वारीचं रान कमी झालं की माणसाची भाकरी आणि जनावराची वैरण दोन्ही एकदमच जातं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची बरोबर आहे, ज्वारीला मजूर लई लागतो. ताट उपटून काढायची, कणसं खुडायची, माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. आमचे एक शेतकरी मामा आहेत मंगळवेढ्याकडचे, त्यांनी २०२१ ला सरळ सांगितलं, "काढणीला हातात पैसा नसतो ओ, तेव्हाच व्यापारी येतो आणि उभ्या पिकाचा भाव पाडतो." तेव्हापासून आम्ही पेरणीच्या आधीच ठरलेल्या रकमेतला तीस टक्के ऍडव्हान्स देतो आणि काढणीच्या आठवड्यात अजून तीस. भाव पण पेरणीआधीच बोलून ठेवतो, दोघांनाही झोप लागेल असा. मामांनी दुसऱ्या वर्षी दोन एकर ज्वारी वाढवली. कुणी त्यांना भाषण दिलं नव्हतं, फक्त माल कोण घेणार हे आधी माहीत होतं.

रेशनचा मुद्दा. फुकट रेशन राहिलंच पाहिजे, त्याबद्दल कुणाचं दुमत नसावं. २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतंय, त्यावर लाखो चुली चालतात. पण माणशी ५ किलोत महिना निघत नाही, आणि डाळ, तेल, भाजी, शेंगदाणे कुठून आणायचे? रेशन आहे म्हणून बाकीचं अन्न कसंही येऊ दे, असं म्हणता येत नाही.

'हौस आहे' हा शब्द मात्र मला लागला, कारण पहिली दोन वर्षं आमच्यात खरंच सगळे पगारदार होते. वर्षाची ज्वारी एकदम घ्यायची, एकदम पैसे भरायचे, हे हातावर पोट असलेल्याला जमणारच नव्हतं. मग पूर्व भागातल्या एक अक्का आमच्याकडं आल्या, कडक भाकरीचा धंदा करतात, आधी विड्या वळायच्या. त्या म्हणल्या मला महिन्याला पन्नास किलो लागते, पैसे भाकरी विकल्यावर आठवड्यानं देईन. आमच्यात दोन मिटिंगा झाल्या यावर, शेवटी हो म्हणलो, आणि आता त्यांच्या गल्लीतली अजून नऊ घरं आहेत, दहा किलोपासून माल, हप्त्यानं पैसे. आजपर्यंत त्या गल्लीतला एक रुपया बुडाला नाही.

आणि अक्कांमुळं आम्हाला काय मिळालं ते सांगतो. त्या वर्षी काढणीच्या वेळी अवकाळी झाला होता. बारा क्विंटल ज्वारी आली, वरून बघितली तर मोत्यासारखी, आम्ही सगळे खूश. अक्का आल्या, पोत्याची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला, तळातली मूठ बाहेर काढली, तळहातावर फुंकर मारली आणि एक दाणा दाताखाली फोडला. मग दुसऱ्या पोत्यात तसंच, मग तिसऱ्या. तीन पोती बाजूला काढायला लावली. म्हणल्या, "ही भिजलीय. पिठाला विरी राहणार नाही, भाकरी थापताना कडंनं चिरत जाईल." आम्ही घरी नेऊन दळून बघितलं, बाई जे बोलली तेच झालं. बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दिसलं नाही ते त्यांच्या बोटांना कळलं. मामांना फोन केला, त्यांनी न कुरकुरता एक पोतं परत घेतलं, दोन पोत्यांचं नुकसान निम्मं-निम्मं वाटलं. तेव्हापासून तपासणी अक्काच करतात आणि खराबीचं निम्मं-निम्मं हा नियमच झाला.

आता भांडणं. होतात, आमची पण झाली. २०२२ ला ऑर्डर, पैसा आणि वाटप सगळं एकाच माणसाकडं होतं, माणूस चांगला, पण हिशोब त्याच्या डोक्यात. दिवाळीच्या सुमारास कुणीतरी विचारलं, त्याला राग आला, शब्दाला शब्द वाढला आणि अकरा घरं सोडून गेली. मेसेज लिहिणाऱ्यानं हे बघितलं असतं तर म्हणला असता, बघा मी सांगत होतो. पण त्यातून बाहेर पडायला आम्हाला जे लागलं ते अगदी साधं होतं: पैसे एकाकडं, ऑर्डर दुसऱ्याकडं, वजनकाट्यावर दर रविवारी पाळीपाळीनं दोन घरं, आणि रात्री वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. अकरातली सात घरं परत आली. सहकार म्हणलं की आपल्याकडं लोकांना पुढारी, गाड्या आणि बुडालेल्या ठेवी आठवतात, आणि ते आठवायला कारणं आहेत, मी नाकारत नाही. पण कुठं पण बघा, जिथं सभासदाला हिशोब दिसेना झाला तिथंच घाण झालीय.

आणि सोलापूरनं तरी असं म्हणू नये. शहराजवळच्या कुंभारीला जाऊन या. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेनं १० हजार घरं उभी केली. दिवसाला हजार विड्या वळून पोट भरणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, पैसे साठवून, सरकारच्या मागं लागून ते केलं. ज्या शहरातल्या बायका १० हजार घरं बांधून घेऊ शकतात त्या शहराला एकत्र येऊन ज्वारी घेणं जमणार नाही?

सोलापुरातून हैदराबादच्या रोडनं पुढं गेलं की तेलंगणातलं झहीराबाद लागतं, तिकडंही कोरडवाहूच. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेतल्या बायकांचे संघ, बहुतेक दलित, भूमिहीन किंवा एक-दोन एकरवाल्या, यांनी १९९० च्या दशकात पडीक रानं पेरणीखाली आणली, ज्वारी पिकवली, तीच गावात साठवली आणि टंचाईच्या महिन्यात गरीब घरांना कमी भावात वाटली. कुणाचं घर किती गरीब हे गावानं बसून ठरवलं, वरून यादी आली नाही. बी पण त्यांच्याच घरात, राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. २०१९ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर प्राइझ मिळालं. पाऊस बेताचा, जमीन हलकी, खिशात पैसा नाही, आणि तरी झालं. मेसेजमधली सगळी कारणं तिथं होती.

राहिला ट्रक. बटाटा, तांदूळ, सफरचंद, चहा हे बाहेरूनच येणार आणि आम्ही पण घेतो, सगळंच इथलं खायचं असं कुणी म्हणत नाही. प्रश्न इथं पिकणाऱ्या मालाचा आहे. फेब्रुवारी २०२३ आठवा. बार्शी तालुक्यातला एक शेतकरी सत्तर किलोमीटरवरून सोलापूरला ५१२ किलो कांदा घेऊन आला, भाव निघाला किलोला १ रुपया, भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टी झाली अडीच रुपयाची आणि हातात २ रुपयाचा चेक, तो पण पुढच्या तारखेचा. व्यापाऱ्यानं माल हलका होता म्हणून सांगितलं. असेल. पण त्या दिवशी आपण कुणी रुपयानं कांदा खाल्ला का? मधला पैसा ट्रक, हमाल, आडत, परत ट्रक, परत दुकान असा वाटला जातो, आणि यातला हमाल पण श्रीमंत होत नाही. ट्रकचा माल स्वस्त दिसतो त्यात हा २ रुपयाचा चेक पण असतो.

फळं-भाज्या बाजार समितीबाहेर थेट विकायला २०१६ पासून राज्यात मोकळीक आहे, त्याच वर्षी सरकारनं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले ते पण संत सावता माळ्यांच्या नावानं, आपल्या माढ्याच्या अरणचे. कायदा आडवा येत नाही. दहा शेतकरी मिळून प्रोड्युसर कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी काढू शकतात. कमी पडतंय ते शहराच्या बाजूनं, म्हणजे पेरणीच्या आधी 'आम्ही घेणार' असा शब्द देणारी आणि तो पाळणारी घरं. भाजीत आमचे हात पोळलेत, मेथी दुपारपर्यंत कोमेजते, एकदा चाळीस गड्ड्या फेकल्या, म्हणून आता भाजी फक्त दोनच घेतो आणि आदल्या रात्री नऊपर्यंत सांगितलेलीच. धान्याला ती अडचण नाही, ज्याला सुरुवात करायचीय त्यानं धान्यापासून करावी.

या वर्षीच्या पेरणीसाठी ऍडव्हान्सची यादी चालू आहे, आत्तापर्यंत ५२ नावं आलीत. दोन गोष्टी पाहिजेत: पावसाळ्यात पोती ठेवायला ओल नसलेली एक खोली, आणि रविवारी वजनकाट्यावर उभी राहणारी चार माणसं. तपासणी सकाळी ७ ला असते, अक्का त्याआधीच येऊन बसलेल्या असतात.