सावलीची एनओसी

"सावली मोजायची आहे, गच्चीची किल्ली द्याल का?" हे वाक्य आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना माझ्याआधी कुणी ऐकवलं नसावं. मी ऐकवलं. त्यानंतर जे झालं ते अजून पचलेलं नाही, म्हणून लिहितोय.

कारण आमची भाची. नागपूरहून मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला आलेली, सातवीत जाणारी, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा खडू जास्त घेऊन आलेली. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. शून्य सावली दिवस. दक्षिण कोकणात तो मेच्या सुरुवातीलाच उरकतो, मुंबईला आपल्यानंतर दोनेक दिवसांनी येतो, नागपूरला २६ मेच्या आसपास. जुलैअखेर पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा ढगांमुळे सावली दिवसभरच शून्य असते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला मात्र तो कधीच येत नाही. महाराष्ट्राला मिळते आणि दिल्लीला मागूनही मिळत नाही अशी बहुधा ही एकच गोष्ट असेल.

तिचा बेत साधा होता. मीटरभर पाइप, तो सरळ उभा आहे की नाही ते बघायला दोरी आणि माझा किल्ल्यांचा जुडगा मिळून केलेला ओळंबा, आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. बस. लागणार होती फक्त सपाट, उघडी जागा. म्हणजे गच्ची.

सेक्रेटरींनी दार अर्धंच उघडलं.

"सावली? कोणाची?"

"पाइपची."

"कुठला पाइप? सोसायटीचा?"

"नाही, आमचाच. बाथरूमच्या कामातला उरलेला."

"बाथरूमचं काम केलंत? परवानगी घेतली होती?"

इथेच मागे फिरायला हवं होतं. पण भाची पुढे सरकली आणि म्हणाली, "आजोबा, मी सांगते." काल-परवाच केस रंगवलेल्या माणसाला आजोबा म्हटल्यावर किल्ली मिळत नसते, हे नागपूरच्या शाळेत शिकवत नसावेत. तिने मात्र सूर्य, अक्षांश, पृथ्वीचा कललेला आस असं सगळं उंबरठ्यावर उभं राहून समजावलं. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत विचारलं,

"म्हणजे सावली जाणार?"

"हो."

"कुठे?"

"कुठे नाही. पायाखाली."

"सगळ्यांची?"

"उन्हात असतील त्यांची सगळ्यांची."

"मी घरात असणार."

"मग तुमची तशीही नसेलच," भाची म्हणाली. ते तिच्याकडे न बघताच पुढे गेले.

"आणि परत कधी येणार?"

"लगेच. तीन-चार मिनिटांत दुसऱ्या बाजूला दिसायला लागेल."

"दुसऱ्या बाजूला म्हणजे?"

"पूर्वेला."

"म्हणजे बी विंगकडे." त्यांचा आवाज खाली आला. "बी विंगचं आणि आपलं पार्किंगवरून काय चालू आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, सावली रोजच दुपारनंतर बी विंगकडे जाते. त्यावर ते म्हणाले, "जात असेल. पण कमिटीच्या परवानगीने नाही जात."

मग आतून पेन आणलं. त्यांच्या आजीने सावली नाहीशी होणं हे काही बरं लक्षण नाही असं सांगितलेलं होतं. स्वतःचा विश्वास नाही, पण उद्या कुणाला काही झालं तर प्रश्न कमिटीला विचारतात. तेव्हा अर्ज द्या. त्यात स्पष्ट लिहा, की सावली ठरल्या वेळेत परत न आल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. मी हसलो. ते हसले नाहीत. मी अर्ज लिहायलासुद्धा तयार झालो, खोटं कशाला सांगू. पण नाव लिहिताना त्यांना फ्लॅटचा नंबर दिसला.

"तुम्ही भाडेकरू ना?"

"हो."

"मग मालकांची एनओसी लागेल. गच्ची फक्त सभासदांना." आणि दार लागलं.

आता या गच्चीबद्दल थोडं. तिथे मोबाइल कंपनीचा टॉवर आहे, तो सभासद नाही. चेअरमनबाईंचे पापड वाळतात, तेही सभासद नाहीत. कबुतरांना एनओसी कुणी विचारली? कोजागरीला तिथे कमिटी मसाला दूध आटवते आणि वर्गणी भाडेकरूंकडूनही घेते. चंद्र बघायचा असला की गच्ची उघडी, सूर्याला मात्र मालकाची सही. आमच्या मालकाकडून सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल वेगळे पैसे घेते, ते तो माझ्याकडून घेतो. म्हणजे त्या गच्चीवर न जाण्याचं भाडं दरमहा मीच भरतो. ज्या जिल्ह्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारून आकाश ऐकतात, तिथे एका मुलीला मीटरभर पाइप उभा करायला जागा नाही.

बरं, तिने ज्वालामुखी केला असता तर? थर्माकोलचा डोंगर, आत खायचा सोडा, वर व्हिनेगर, लाल रंग. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे "प्रोजेक्ट तयार मिळतील" अशी पाटीच आहे, आणि जूनमध्ये तिथे आयांची रांग असते. तो ज्वालामुखी घेऊन गेली असती तर सेक्रेटरींनी लिफ्टचं दार धरलं असतं. गंमत म्हणजे आमच्या कंपाउंडची भिंत काळ्या दगडाची आहे, आणि तो दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला खराखुरा लाव्हा. पोरं रोज त्यावर बॉल आपटतात. पण मार्क थर्माकोलला. विज्ञान म्हटलं की सगळे टाळ्या वाजवायला तयार असतात, फक्त पोराने कशाला हात लावता कामा नये आणि प्रश्न प्रदर्शनाच्या दिवशीच विचारावेत. माझ्या लहानपणीही हेच होतं. तेव्हा निदान गच्चीला कुलूप नव्हतं.

शेवटी आम्ही दोन विंगांच्या मधल्या फटीत, दोन गाड्यांच्या मध्ये, जेवढा उन्हाचा तुकडा मिळाला तेवढ्यात पाइप उभा केला. मी तो धरून. मे महिन्यातल्या दुपारी, डोक्यावर टोपी नाही, कारण टोपीची सावली खुणांवर पडते असं मुख्य संशोधकांचं म्हणणं. येणारा जाणारा विचारत होता, पाणी तुंबलंय का. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून सांगितलं, "प्लंबरला दुपारी बोलावू नका, डबल घेतो."

बरोबर बाराला सेक्रेटरी खाली आले. घड्याळ बघितलं, पाइपच्या बुडाकडे बघितलं.

"आहे की सावली!"

होती. तेरा सेंटिमीटर. भाचीने मोजून सांगितलीसुद्धा. आपल्या घड्याळाचे बारा हे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरचे बारा. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य चौतीसेक मिनिटं उशिरा माथ्यावर यायला हवा. मेमध्ये तो तीन-चार मिनिटं घाईत असतो. म्हणून पुण्याचे खरे बारा १२:३१ ला वाजतात. हे सगळं ती सांगत असताना सेक्रेटरी "पेपरात काहीही छापतात" असं म्हणत जिन्याकडे वळलेसुद्धा. हातात किल्ली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सावली मिनिटाला जेमतेम चार मिलिमीटर आखडते. खडूच्या खुणा एकमेकींच्या जवळ येत गेल्या, आणि १२:३१ ला पाइपच्या बुडाशी काहीही उरलं नाही. भाची ओरडली. वॉचमन धावत आला. त्याने आधी पाइपकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग एक पाय उचलून खाली बघितलं, मग दुसरा. "हे रोज का नाही होत?" असं त्याने विचारलं. दिवसभरात एवढा चांगला प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही, आणि त्याला उत्तर देता देता ती दोन खुणा करायची विसरली.

तिकडे नागपुरात तिच्या दादाला त्याच दिवशी तशाच पाइपची सावली मोजायची होती. तिथला सूर्य १२:१० च्या सुमाराला सर्वांत वर येतो आणि अजून थोडा दक्षिणेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे साडेचार सेंटिमीटरच्या आसपास सावली उरते. तेवढ्या सावलीवरून आणि नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या दोन गावांच्या उत्तर-दक्षिण अंतरावरून, सुमारे २९० किलोमीटर, पृथ्वीचा घेर काढता येतो. एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं. दादाने नागपूरचं मे महिन्यातलं ऊन दारातूनच बघितलं असावं, कारण त्याचा निरोप आला: "अंदाजे पाच." त्या अंदाजे पाचाने पृथ्वीचा घेर चाळीस हजारांऐवजी साडेछत्तीस हजार किलोमीटर आला. भाचीने त्याला फोन लावून विचारलं, "तू काय करून राहिला बे? साडेतीन हजार किलोमीटर कमी केले तू!" तो म्हणाला, "मग काय होते?"

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. मला दिसला नाही, भाडेकरूंना ग्रुपवर घेत नाहीत. मालकाने न्यू जर्सीहून पाठवला. गच्चीवर टॉवरच्या शेजारी सेक्रेटरी, अंगठा वर केलेले, खाली मजकूर: "आपल्या सोसायटीत शून्य सावली दिन उत्साहात साजरा." वेळ बरोबर बारानंतरची, आणि त्यांच्या बुटांच्या बाजूला ठसठशीत सावली. भाचीने स्क्रीनला नाक लावून ती वीतभर असल्याचा निष्कर्ष काढला. खाली बी विंगकडूनसुद्धा फुलं आणि अभिनंदन.

मालकाने सोबत लिहिलं होतं, "मस्त आहे हे! आमच्याकडे कधी असतो रे हा डे?"

भाचीने फोन माझ्या हातातून घेतला आणि टाइप केलं, "कधीच नाही."

मालकाचं उत्तर आलं, "ओके. भाडं आलं नाही अजून."