नव्या सरपंचांसाठी: चौथी टाकी कशी मिळवावी

सरपंच झालात, अभिनंदन. हार सुकायच्या आत कानात एक सांगून ठेवतो. गावाला पाणी द्यायचं की पाणीयोजना आणायची, हे आजच ठरवून टाका. फलक लागतो तो योजनेचा. नारळ फुटतो, फोटो येतो, तोही योजनेचाच.

आमच्या गावात टाक्या तीन. पहिली नव्वदच्या दशकातली, तिच्या डोक्यावर आता पिंपळ डुलतो. दुसरी स्वजलधारेची. ती योजना २००२ साली आली. गावाने दहा टक्के वर्गणी भरायची आणि योजनाही गावानेच चालवायची, असं ठरलं होतं. वर्गणी भरली, पाणी आलं, मग मोटर जळाली. ती भरून आणायची कुणी, यावर दोन ग्रामसभा झाल्या. दुसऱ्या सभेत हातघाईही झाली. तिसरी टाकी जलजीवन मिशनची, आकाशी रंगाची, लांब हायवेवरून दिसते. तिन्ही टाक्यांना मिळून विहीर एकच, आणि ती फेब्रुवारीत तळ दाखवते. यावरून शहाण्याने काय समजायचं? चौथी टाकी मागायची.

मागणीचा पहिला नियम उद्भवाचा. सरकारी भाषेत पाणी जिथून घ्यायचं त्या जागेला उद्भव म्हणतात. त्याची क्षमता खरं तर भर उन्हाळ्यात तपासायला हवी. तसला आगाऊपणा करू नका. चाचणी दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या. तेव्हा विहीर काठोकाठ असते, मोटर दिवसभर उपसते तरी पाणी हलत नाही, आणि आलेले साहेबही खूश होऊन भाकरी-पिठल्याला थांबतात. आमच्या विहिरीची चाचणी अशीच झाली. नोंदवहीत ती अजूनही तुडुंब आहे.

दुसरा नियम वर्गणीचा. गावांतर्गत कामाच्या खर्चापैकी दहा टक्के लोकांनी द्यावेत. डोंगराळ भागात आणि अनुसूचित जाती-जमाती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत पाच टक्के. हेतू असा की, स्वतःचा पैसा घातला की माणूस नळाला जपतो. तुम्ही दारोदार फिरू नका, उगाच मतं जातात. ठेकेदार समजूतदार असतो. तो भरतो, पावत्या लोकांच्या नावाने फाटतात, आणि भरलेलं तो कुठून तरी काढून घेतो. कुठून, ते पाईप एक मीटर खोल पुरलाय की बोटभर, हे खणून बघितल्यावर कळतं. म्हणून खणू नका. आमच्याकडे नांगराला पाईप लागला तेव्हा सगळ्यांना कळलं. तोवर शेवटचं बिल निघालं होतं.

समिती मात्र करावीच लागते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका हव्यात. त्यांची भीती बाळगू नका, सभा ठेवायची ती सकाळी नवाला ठेवा. तेव्हा त्या हंडे घेऊन गावाबाहेर असतात. सह्या संध्याकाळी घरी जाऊन घ्याव्यात.

माणशी रोज ५५ लिटर असा नियम आहे. कुणी विचारलंच तर सांगा, घागरी पावणेचार. चौथी घागर पुरी करणारं पाव भांडं कुठं गेलं असं विचारणारा एक मास्तर प्रत्येक गावात असतो; त्याला समितीत घ्या.

मुदतीची काळजी सोडा. १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून जलजीवन मिशनची घोषणा झाली, २०२४ पर्यंत घरोघरी नळ येणार होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत नेली. सरकारच घाईत नाही, तर तुम्ही कशाला?

हो, अभ्यासदौऱ्याला हिवरे बाजारला जरूर जा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हे गाव पाहून सगळे सरपंच भारावतात. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअर पाडायला बंदी आहे, उसालाही नाही म्हणतात. भारावा, फोटो काढा, शेंगदाण्याची चटणी घ्या आणि परत या. आपल्या गावात येऊन ऊस बंद करा म्हणालात, तर पुढच्या निवडणुकीत तुम्ही बंद. आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर किती बोअर आहेत ते मी मोजलेले आहेत. आकडा सांगत नाही, त्यातला एक माझ्या चुलतभावाचा आहे.

पुढचा प्रश्न वीजबिलाचा. योजना बांधायला लाखो मिळतात, चालवायला पाणीपट्टी. पाणीपट्टी मागायला गेलात की लोक विचारतात, पाणी कुठंय? पाणी सोडायचं तर वीज हवी, वीज हवी तर बिल भरायला पाणीपट्टी हवी. या चक्रात हात घालू नका. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला; पंधराव्या आयोगात तो साठ टक्के होता. तो कुठं खर्च करायचा हे ग्रामसेवकाला पाठ असतं. त्याच्याशी गोड राहा.

शेवटचं काम गाव ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळाने पाणी आलं, असं जाहीर करण्याचं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि व्हिडिओ लागतो. आमच्या दारातल्या नळातून एप्रिलमध्ये मुंग्यांची रांग निघते, त्याचा व्हिडिओ चालत नाही. म्हणून मुहूर्त नीट साधा. उन्हाळ्यात टँकर येतो तो विहिरीतच रिता होतो. लगेच मोटर चालू करा, पाणी टाकीत चढेल, वीस मिनिटं नळाला धार येईल. एखाद्या म्हाताऱ्या आजीला नळाखाली कळशी धरून हसायला सांगा. आमची आजी हसेना, म्हणाली, “आधी भरू दे रे.” तिला भरू द्या, मग शूटिंग करा. फक्त मोबाईल जरा डावीकडे वळवून धरा, मागे टँकर दिसतो.